मावशींच्या घरातला रिकामा सिलिंडर: कोणती मदत खरोखर उपयोगी पडेल?

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. आठवडाभर मनात घोळतंय ते लिहिते.

आमच्याकडे अकरा वर्षं कामाला येणाऱ्या मावशी पुण्यातच, टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत भाड्याने राहतात. गेल्या आठवड्यात त्यांचा ताप उतरेना म्हणून औषधं घेऊन त्यांच्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. कोपऱ्यात सिलिंडर आहे, पण त्यावर फळी टाकून देवघर मांडलंय. स्वयंपाक दाराबाहेर तीन विटांच्या चुलीवर. जळण म्हणजे फर्निचरवाल्याकडून आणलेले प्लायवूडचे तुकडे. दुपारी तीनला आत पाच मिनिटंही बसवेना. पंखा पत्र्याखालची तापलेली हवाच खाली ढकलत होता.

सिलिंडर तीन महिन्यांपासून रिकामा आहे. "आठ-नऊशे एकदम कुठून काढू ताई? लाकडं रोजची रोज मिळतात," म्हणाल्या. आणि विजेचे महिन्याला बाराशे जातात. घरात एक पंखा, दोन दिवे, टीव्ही, जुना लहान फ्रिज. आमच्या तीन खोल्यांचं बिल जवळपास तेवढंच येतं. हे गणित मला सुटत नाही.

मी सहा हजार रुपये बाजूला काढलेत. सिलिंडर भरून दिला तर दोन महिन्यांनी प्रश्न पुन्हा तिथेच. एकदाच खर्च करून त्यांचा दर महिन्याचा भार कमी होईल असं काय करता येईल? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

नवखा_पुणेकर
सरळ इंडक्शन शेगडी घेऊन द्या. दोन हजारात येते, धूर नाही, सिलिंडरची कटकट नाही.

सुधाकाकू
आधी ते प्लायवूड बंद करा गं बाई. त्यात डिंक, रसायनं असतात. तो धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. मावशींचा खोकला किती जुना आहे ते विचार एकदा.

बोरीबाभळी
माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात. उज्ज्वला गॅसजोडणी योजनेची सुरुवात मे २०१६ मध्ये झाली आणि आमच्याकडे पुढच्या दोन वर्षांत जवळपास घरोघरी सिलिंडर आला. आठ कोटीवी जोडणी तर सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादला दिली गेली. जोडणी मिळाली हे मोठंच काम झालं. पण आईच्या घरात आजही गॅसवर चहा होतो, पाहुण्यांचे पोहे होतात, पावसाळ्यात जळण ओलं असलं की वरण-भात होतो. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. पऱ्हाट्या-तुराट्या शेतातल्या, त्यांना पैसे पडत नाहीत.

लोक म्हणतात बायकांना सवय नाही म्हणून चूल सुटत नाही. माझ्या आईला गॅस उत्तम येतो. तिला एकरकमी पैसे जड जातात. अनुदान खात्यात येतं, पण आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते. ज्याच्या हातात आज नऊशे नाहीत त्याला पुढच्या आठवड्यात परत मिळणाऱ्या तीनशेचा काय उपयोग?

घाटमाथा
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. राज्याची अन्नपूर्णा योजना वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे देते, केंद्राचं अनुदान आहे, लाडक्या बहिणीचे पैसे आहेत. इतकं असूनही सिलिंडर रिकामा असेल तर पैसा दुसरीकडे जातोय. पुन्हा आपण दिलं तर ते तिसरीकडे जाईल. आपल्या आयांनी चुलीवरच आपल्याला वाढवलं ना?

सुधाकाकू
घाटमाथा, माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं चूल फुंकली. बिडी कधी ओढली नाही, तरी शेवटची सहा वर्षं ऑक्सिजनवर काढली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात चूल होती का?" आयांनी चुलीवर वाढवलं, आणि त्याची किंमत त्यांनीच छातीत भरली. हे वाक्य पुन्हा कुठे बोलू नका, एवढीच विनंती.

घाटमाथा
काकू, हे ठाऊक नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. योजनांबद्दलचा प्रश्न मात्र कायम आहे. मावशींना ते पैसे मिळतात का, हे चैत्रपालवींनी आधी पाहावं.

चैत्रपालवी
हो, तो मुद्दा बरोबर आहे. विचारते.

तारतंत्री
मी वीजखात्यात चौतीस वर्षं वायरमन होतो, आता निवृत्त. मला एकच सांगा: मावशींच्या नावाने बिल येतं, की घरमालक चिठ्ठीवर आकडा लिहून देतो?

चैत्रपालवी
काका, विचारलं. घरमालक दर महिन्याला येऊन दारावरचा छोटा मीटर वाचतो आणि युनिटला चौदा रुपये घेतो. मागच्या महिन्यात ८६ युनिट, १२०४ रुपये. असे चार भाडेकरू आहेत.

तारतंत्री
वाटलंच होतं. तुमचं न सुटलेलं गणित इथे आहे. शांतपणे वाचा.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. महावितरणचे २०२४-२५ चे दर घेतो, कारण तो तक्ता मला तोंडपाठ आहे. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, धरून पहिल्या शंभराला ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. दर बदलत राहतात, पण पायऱ्या तशाच असतात.

आता चार घरं धरा, प्रत्येकी ८० युनिट. प्रत्येकाचा स्वतंत्र मीटर असता तर चौघेही पहिल्याच पायरीवर राहिले असते. प्रत्येकी ४७० रुपये. पण चौघं मिळून घरमालकाच्या एकाच मीटरवर असले की वापर ३२० युनिट होतो आणि बेरीज तिसऱ्या पायरीवर चढते. एकूण ३१९४ रुपये, म्हणजे प्रत्येकी ७९९. त्यावर विद्युत शुल्क १६ टक्के, दर महिन्याचा ठरलेला स्थिर आकार, घरमालकाचा स्वतःचा वापर. तो चौदा लावतो तेव्हा दर वेळी तो लबाडच असतो असं समजू नका. त्याला स्वतःला वरच्या पायरीचं बिल येत असतं. ज्यांचा वापर सगळ्यात कमी, त्यांनाच श्रीमंताच्या दराने वीज पडते. नोकरीत शेकडो चाळी पाहिल्या, सगळीकडे हेच.

स्वतंत्र मीटर घेतला तर स्थिर आकार प्रत्येकाला वेगळा लागतो, महिन्याला सव्वाशे-दीडशे. तो आणि शुल्क धरूनही मावशींचे महिना पाचशेच्या आसपास वाचतील. तुमचे सहा हजार इथे लावा.

नवखा_पुणेकर
काका, हे प्रथमच कळलं. मी स्वतः भाड्याच्या खोलीत राहतो आणि बारा रुपये देतो. कधी प्रश्नच पडला नाही.

मोगरा७७
आमच्या चाळीतही हेच होतं. पण घरमालक ना-हरकत देत नाही हो. मीटर भाडेकरूच्या नावावर झाला की खोली बळकावतील ही भीती.

तारतंत्री
भीती खरी आहे, म्हणून भांडून होत नाही. कायद्यात, म्हणजे २००३ च्या वीज कायद्याच्या ४३व्या कलमात, जागेचा मालक किंवा जागेत राहणारा असे दोघेही वीज मागू शकतात असं आहे. प्रत्यक्षात कागद मागितले जातात. माझा अनुभव सांगतो. मीटर घरमालकाच्याच नावाने, खोलीनिहाय वेगवेगळे घ्यायला सांगितलं की निम्मे मालक तयार होतात. जागा त्याची, नावही त्याचंच, बिल भाडेकरू भरतो. दर महिन्याची हुज्जत संपते. दोन स्वतंत्र खोल्या, स्वतंत्र दारं आणि वेगळं स्वयंपाकघर असेल तर सहसा अडचण येत नाही.

आणि इंडक्शनबद्दल. एका सिलिंडरभर स्वयंपाक इंडक्शनवर करायला ढोबळमानाने १३०-१४० युनिट लागतात. मावशींना चौदा रुपयाने ते अठराशे-एकोणीसशेला पडेल. सिलिंडरच्या दुप्पट! शिवाय त्या खोलीतली वायर दोन हजार वॉट सोसेल का? मी अशी जळालेली बोर्डं खूप बदलली आहेत. आधी मीटर, मग वायरिंग, मग हवी तर शेगडी.

नवखा_पुणेकर
माझा सल्ला मागे. आकडे डोक्यात नव्हते.

उत्तरवारा
मी मँचेस्टरला राहते, बावीस वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही.

इकडे याला स्वतंत्र शब्द आहे, इंधनदारिद्र्य म्हणू या. ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासिकेने १९९१ मध्ये त्याची व्याख्या रूढ केली: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल तर ते कुटुंब इंधनदरिद्री. इंग्लंडमध्ये आता मोजण्याची पद्धत बदलली आहे. उत्पन्न बघतात आणि घराची ऊर्जाश्रेणीही बघतात, म्हणजे घर उष्णता धरून ठेवतं की भिंती-खिडक्यांतून घालवतं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की गरिबी मोजताना *घर* मोजतात. तुमच्या मावशींच्या बाबतीत पत्रा कोणी मोजत नाही.

आमच्या शेजारी एक आजी होत्या, एकट्या, प्रीपेड मीटरवाल्या. दुकानात जाऊन दहा-दहा पौंड भरायच्या. २०२२ च्या हिवाळ्यात दर इतके वाढले की त्या दिवसभर ग्रंथालयात बसायच्या. त्या वर्षी ग्रंथालयांनी, चर्चनी मुद्दाम उबदार खोल्या उघड्या ठेवल्या होत्या. सरकार हिवाळ्यात गरीब घरांना बिलात दीडशे पौंडांची सूट देतं, पण आजींना त्याचं काही माहीतच नव्हतं. मी आणि माझ्या मुलीने दोन संध्याकाळी फोनवर घालवल्या आणि ती मिळवली. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर बसवून घेतला, तोही योजनेतून. आजींना पैशांपेक्षा फोनवर तासभर थांबणारं माणूस हवं होतं.

चैत्रपालवी, मावशींसोबत रांगेत उभी राहा. सहा हजारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

बोरीबाभळी
उत्तरवारा, अगदी. आमच्या आईचं अनुदान दीड वर्ष अडकलं होतं, कारण आधार जोडलेलं खातं वेगळंच निघालं. मी गावी गेलो, एक सकाळ बँकेत आणि एक दुपार एजन्सीत घालवली, सुटलं. तिला प्रत्येक ठिकाणी "उद्या या" सांगत होते. उद्या गेलं की एक दिवसाची मजुरी बुडते.

रानवाट
पत्र्याबद्दल कोणीतरी बोला की. माहेरी, अहमदनगरला, आमच्याही घरावर पत्रा होता. वडील दर होळीच्या आधी वरून चुना मारायचे. दुपारी खाली झोपता यायचं. शेजारी मारत नसत, ते आमच्याकडे येऊन बसायचे!

सुधाकाकू
हाच खरा जुना उपाय. पांढरा रंग ऊन परतवतो, पत्रा कमी तापतो. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या छपरांवर पांढरा थर देण्याचा कार्यक्रम २०१७ पासून झाला, आणि तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आपल्याकडे एवढं ऊन, पण छप्पर कोणाच्या यादीत नाही.

मोगरा७७
चुना पहिल्या पावसात धुऊन जातो ना?

रानवाट
जातो. पण पावसाळ्यात त्याची गरजही नसते. दर वर्षी फाल्गुनात पुन्हा. एका खोलीला दोन-अडीचशे रुपयांत होतं.

तारतंत्री
थर्माकोलचं छत मात्र लावू नका. स्वस्त असतं म्हणून लोक लावतात, वायर तापली की क्षणात पेटतं. बांबूचा तट्ट्या बरा, पत्र्यापासून वीतभर खाली, मध्ये हवा खेळू द्या. पण त्यालाही वायर चिकटू देऊ नका.

आणि पंखा बदला. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. सोळा तास चालवला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. मावशींच्या आजच्या चौदा रुपयांच्या दराने महिना तीनशे. पंखा अडीच-तीन हजारांचा, म्हणजे वर्षाच्या आत पैसे वसूल. स्वतःचा मीटर असलेल्या आणि शंभर युनिटच्या आत राहणाऱ्या घरात याच पंख्याला दुप्पट वेळ लागतो, कारण त्यांचा दर कमी. गरिबाच्या घरात तो सगळ्यात आधी बसायला हवा आणि बसतो सगळ्यात शेवटी, कारण अडीच हजार हातात नसतात. जुन्या पंख्याचा मोठा डबा-रेग्युलेटर असेल तर तोही काढा, तो वेग कमी करताना वीज उष्णतेत घालवतो.

दिवे कोणते आहेत?

चैत्रपालवी
एक एलईडी, एक जुनी ट्यूब, चोकवाली.

तारतंत्री
ट्यूब बदला, पन्नास-पंचावन्न वॉटचं काम वीस वॉटवर येईल. फ्रिजच्या दाराचं रबर तपासा. कागद दारात अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर गेलं. आणि फ्रिज भिंतीला चिकटवलेला असेल, हमखास असतो, तो वीतभर पुढे ओढा. याला एक पैसा लागत नाही.

सुधाकाकू
स्वयंपाकाचंही सांगते. आम्ही रॉकेलच्या रांगा पाहिलेल्या बायका. डाळ-तांदूळ तासभर भिजवायचे. कुकरची पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक. भाताला एक कढ आला, पाणी आटत आलं की पातेलं उतरवून झाकण घट्ट लावून गोधडीत गुंडाळायचं. वीस मिनिटांत आतल्या वाफेवर भात मोकळा होतो. माझी आई असं करायची आणि वर आम्हा मुलांना सांगायची, "भात झोपलाय, आवाज करू नका." पुण्याच्या आरती संस्थेचा सराई कुकरही बघ. कांडीकोळशाच्या लहानशा शेगडीवर वाफेने अख्खा स्वयंपाक होतो, धूर नाही.

रानवाट
"भात झोपलाय"! आज मुलांना हेच सांगणार.

मोगरा७७
आमच्याकडे आजोबांचा तांब्याचा बंब होता. नारळाच्या करवंट्या, गोवऱ्या टाकायच्या, आणि अकरा माणसांच्या आंघोळी एका पेटवणीत. शेवटचा नंबर माझा, तरी पाणी कढत. त्याची चिमणी मधोमध पाण्यातून जायची, म्हणून आच वाया जायची नाही. आता तो दिवाणखान्यात झाडाची कुंडी झालाय, वाईट वाटतं.

बोरीबाभळी
आमचा बंब अजून चालू आहे, कधीही या.

घाटमाथा
सौर पॅनेलचा विचार केला का? केंद्राच्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला तीस हजार अनुदान आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी राज्याने २०२५ मध्ये स्मार्ट योजना आणली, त्यात एक किलोवॉटसाठी लाभार्थ्याला फक्त अडीच हजार भरायचे आहेत.

तारतंत्री
चांगली योजना. पण स्वतःच्या नावाचा मीटर आणि स्वतःचं छप्पर लागतं. मावशींकडे दोन्ही नाही. बोरीबाभळींच्या आईंसाठी मात्र नक्की बघा.

बोरीबाभळी
बघतो काका. घर आईच्याच नावावर आहे.

चैत्रपालवी
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते.

आधी सांगते, मी योजना ठरवून मावशींकडे गेले आणि त्यांनी ती अर्ध्यातच थांबवली. "ताई, मला विचारा ना काय पाहिजे ते." त्यांना पंखा हवा होता आणि छप्पर हवं होतं. सिलिंडर दान म्हणून नको होता.

घरमालकाशी तारतंत्री काकांनी सांगितलं तसंच बोललो: मीटर तुमच्या नावाने, खोलीनिहाय. तो माणूस वाईट नाही. त्याने स्वतःचं बिल आणून दाखवलं, मागच्या महिन्याला ४१० युनिट होते. चारपैकी दोन खोल्यांना तो तयार झाला, मावशींची त्यातली एक. बाकी दोघांशी त्याचा भाड्याचा वाद आहे, तो मिटेपर्यंत नाही म्हणाला. अर्ज भरलाय, वायरिंगची तपासणी झाली, मीटरची वाट पाहतोय.

अन्नपूर्णेचे पैसे येत नव्हते, कारण जोडणी गेलेल्या नवऱ्याच्या नावावर होती. घाटमाथा, तुम्ही तपासायला सांगितलंत म्हणून कळलं. एजन्सीत तीन फेऱ्या झाल्या. दोन फेऱ्यांत मी सोबत होते, तिसऱ्यांदा मावशी एकट्या गेल्या आणि पावती घेऊन आल्या. नाव बदललंय.

चुना चारही खोल्यांवर मारला, रविवारी सकाळी. रानवाट, प्रमाण फोनवर सांगितल्याबद्दल धन्यवाद. मावशींचा मुलगा आणि माझा मुलगा वर होते, आम्ही बायका खालून बादल्या देत होतो. दुपारी शेजारच्या खोलीतल्या आजी आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि तिथेच झोपल्या. पंखा बसला, ट्यूब बदलली. सगळे मिळून ४९०० झाले, त्यात चारही छपरांचा चुना आला.

उरलेल्या अकराशेंचं मावशींनीच ठरवलं. गल्लीतल्या बारा जणींनी भिशी काढली आहे, प्रत्येकीचे आठवड्याला ७५ रुपये, म्हणजे दर आठवड्याला एकीचा सिलिंडर भरतो. अकराशे मूळ भांडवल म्हणून ठेवलेत, एखादीचा हप्ता चुकला तर त्यातून भरायचे. अनुदान आलं की तिने ते परत डब्यात टाकायचं. वही मावशींच्या सुनेकडे आहे. पहिला नंबर मावशींनी खोकला असलेल्या आजींना दिला, दुसरा स्वतःला. प्लायवूड पूर्ण बंद झालेलं नाही, पाणी अजून त्यावरच तापतं. स्वयंपाक आत आलाय.

सुधाकाकू
देवघराचं काय केलं?

चैत्रपालवी
काकू, भिंतीला नवी फळी ठोकली. खिडकीच्या बाजूला, उजेडात.

उत्तरवारा
त्या वहीचा एक फोटो, नावं झाकून, टाकता येईल का? इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना दाखवायचाय.

मोगरा७७
आमच्या घरमालकाशी या रविवारी बोलते. काका, बिलाच्या त्या पायऱ्यांचा हिशेब एका कागदावर लिहून द्याल का? तोंडी सांगायला मला जमणार नाही.

तारतंत्री
आज रात्री लिहून टाकतो, तुमच्या खोल्या किती ते सांगा. चैत्रपालवी, नवीन मीटरचं पहिलं बिल आलं की इथे टाका. युनिट आणि रक्कम, दोन्ही.